बारा एकादश्यांचं कुंकू

१

लातूर जिल्हा होऊन तिसरं वरीस चाललं होतं आणि पावसानं पाठ फिरवून दुसरं. औशाच्या अलीकडं, माळावरच्या तांबरवाडीत एक पोलादी टाकी उभी होती. दोन पुरुष उंच, जमिनीवरच बसवलेली, निळ्या रंगाची. टँकर यायचे, टाकी भरायचे, आणि तिच्या तोट्यांवर चार वाड्यांची तहान भागायची. एवढ्या उन्हाळ्यात तिच्याकडं बघितलं तरी गार वाटायचं. बायामाणसं तिला जाता-येता हात जोडत. कुणी शिकवावं लागत नाही हो, तहानच हात जोडायला शिकवते.

वैशाख लागला त्याच आठवड्यात, सकाळचे दहा वाजायला आले असतील, ती टाकी फुटली.

त्या दिवशी दोन महिन्यांत पहिल्यांदा ती काठोकाठ भरली होती. पूर्वेच्या अंगाला, अगदी बुडाजवळ पत्रा फाटला आणि पाण्याचा लोंढा बाहेर पडला. त्या अंगाला टाकीचा राखणदार हणमंतराव नेहमीसारखा टाकीला टेकून माळ ओढत बसला होता. पाण्यानं त्याला उचलून समोरच्या काळ्या दगडावर आपटलं. माणसं धावत पोचली तेव्हा माळ हातातच होती, माणूस नव्हता. आणि चार वाड्यांचं पाणी भेगाळलेल्या रानात घोटभर चिखल करून जिरून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी जमादार आले आणि साहेबरावला घेऊन गेले. साहेबराव म्हणजे ज्यानं त्या टाकीचा टाका न् टाका मारला तो वेल्डर. गावाच्या खालच्या अंगाला बुद्धविहाराशेजारी त्याचं घर.

तिसऱ्या दिवशी दुपारी नरसिंगबुवाच्या अंगणात साहेबरावची लेक येऊन उभी राहिली. पंचशीला तिचं नाव, औशाच्या शाळेत बाई होती.

नरसिंगबुवा म्हणजे लातूरच्या एका तेल गिरणीत तीस वर्षं फिटर होते. आता पेन्शनीत होते आणि पंचक्रोशीतल्या कीर्तनांना मृदंगाची साथ करत. फुटलेल्या मशीनचं दुखणं कानानं ओळखणारा माणूस अशी त्यांची ख्याती. साहेबराव गिरणीत त्यांच्याच हाताखाली शिकलेला. आणि गेलेला हणमंतराव त्यांचा वीस वर्षांचा टाळकरी. एक हाताखालचा, एक हाताबरोबरचा.

"काका, जयभीम," पंचशीला म्हणाली. "माझ्या बापानं मुद्दाम कच्चा टाका मारला असं सगळे म्हणून राहिलेत. तेराव्यानंतर कागद लातूरला कोर्टात जाणार."

"तू बस आधी. पाणी पी."

"पाणी नगं काका. चार वाड्यांचं सांडलंय, मी कोणत्या तोंडानं पिऊ? तुमी एकदा टाकी बघा. दोष आण्णांचाच निघाला तर मी स्वतः जमादाराला सांगीन."

बुवांनी तिच्याकडं बघितलं. "आन् तुला काय वाटतं?"

"पाण्यावरून भांडण झालं होतं हे खरं हाय," ती खाली बघत म्हणाली. "आन् आण्णा हणमंतकाकांना काय म्हणले ते साऱ्यांनी ऐकलंय. 'ही टाकी एक दिवस जीव घेईल' म्हणले होते."

२

टाकीच्या बुडाला चारी अंगांनी लोखंडी कान होते, एकूण आठ. जमिनीतल्या काँक्रीटमधून वर आलेले जाड बोल्ट त्या कानांतून जात आणि वरून नट बसत. रिकामी टाकी म्हणजे पालथा डबा. माळावरच्या वाऱ्यानं ती उलटू नये म्हणून ही बांधणी. दुष्काळात तर ती रिकामीच जास्त.

बुवा गुडघ्यावर बसले. आठांपैकी पाच कान जागच्या जागी होते. पूर्वेचे तीन कान मात्र बोल्टांना धरून उभे होते आणि टाकी त्यांना सोडून गेली होती. प्रत्येक कानाच्या पाठीला तळहाताएवढा निळा पत्रा चिकटून होता, कडा फाटलेल्या.

बुवांनी टाक्यावरून बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं.

"काय बघून राहिलात बुवा?" मागून सटवाजी म्हणाला. टँकरचं पाणी टाकीत घ्यायचं आणि तोट्या सोडायच्या हे त्याचं काम. "टाका कच्चा हाय, आजून काय? जमादारबी तेच म्हणले."

"सटवाजी, तुझ्या धोतराला ठिगळ लावलं आन् ठिगळाशेजारी धोतर फाटलं, तर शिंप्याला धरशील का?"

"म्हंजी?"

"टाका शाबूत हाय. कापड फाटलंय."

सटवाजीनं वाकून बघितलं. पण गप राहणं त्याच्या जातकुळीत नव्हतं. "तरीबी बुवा, साहेबराव कोरा न्हाई. आठ दिवसांमागं रांगेवरून कटकट झाली. खालच्या अंगाच्या बायांच्या घागरी मागं सारल्या कुणीतरी, तर त्यो तणतणत आला. आन् दुसऱ्या दिवशी हणमंतरावाजवळ येऊन काय म्हणला ठावं हाय? 'नट ढिले कर.' या कानानं ऐकलंय. 'समदे नट ढिले कर, न्हाईतर ही टाकी एक दिवस जीव घेईल.' आता सांगा, टाकीचे नट ढिले करा म्हणणारा माणूस टाकीचा सोयरा का वैरी?"

बुवांनी नट हातानं हलवून बघितला. हलला नाही. आठच्या आठ नट दगडासारखे घट्ट होते.

"ढिला तर एकबी न्हाई," ते पुटपुटले. मग त्यांची नजर नटाच्या वर गेली. टाकी उभी केली तेव्हा बोल्ट, नट सगळ्यावर निळा रंग मारलेला होता. बोल्टाचं टोक निळं होतं, नट निळा होता. मधले दोन आटे मात्र उघडे, पांढरेफटक, रंगाचा ठिपका नसलेले. म्हणजे रंग मारताना नट तिथं, वर होता.

कुणीतरी नट ढिले केले नव्हते. कुणीतरी ते रंग वाळल्यावर दोन आटे खाली आवळले होते.

३

औशाच्या चौकीत साहेबराव भिंतीला टेकून बसला होता. बुवांना बघून उठला.

"मिस्त्री, तुमी कामून आलात? हणमंतरावचा दहावा बी झाला न्हाई."

"तू म्हणला होतास का, नट ढिले कर?"

"हाव. म्हणलो होतो." साहेबरावनं डोळ्याला डोळा दिला. "रांगेत भांडलो तवा माझी नजर कानावर पडली. कानाच्या वरच्या अंगाला केसाएवढी चीर. रंग तडकलेला. मिस्त्री, तुमीच शिकवलं न्हवं, टाकी भरली की तिचं पोट फुगतं, रिकामी झाली की बसतं. तिला जरा हालायला जागा पायजे. नट नुसता टेकवायचा असतो. आवळला की सगळी ओढ त्या एवढ्याशा कानाखालच्या पत्र्यावर येती."

"मग तू त्याला समजावलं न्हाईस?"

"समजावलं. त्यो म्हणला, 'साहेबराव, रांगेचा राग टाकीवर नगं काढू.' मी म्हणलो, दे पाना, मीच सैल करतो. तर म्हणला, 'आज हात लावू नगं, पूजा झालीया.' मग मी गेलो घरी. राग मलाबी होता मिस्त्री. म्हणलो, मरू दे. त्या शब्दाला आता काय करू?"

बुवांनी विचारलं, "नट कुणी आवळले?"

"मला ठावं न्हाई. ठेकेदाराच्या माणसाचा हुकूम असंल असं वाटलं. पण एक करा. उमरीला जावा. तिथं हिची जुळी बहीण उभी हाय. मीच बांधलीया. तिचे कान बघा, आन् मग माझ्याकडं या."

४

लातूरहून नांदेड, नांदेडहून पॅसेंजरनं उमरी. डब्यात एकजण दुष्काळावर बोलत होता आणि बाकीचे त्याला गप बस म्हणत होते.

उमरीची टाकी तशीच होती. तेवढीच उंच, तसलीच निळी. पण बुवा जवळ गेले आणि उभेच राहिले.

इथले कान हातभर उंच होते. कान थेट टाकीच्या पत्र्याला लावलेले नव्हते. आधी पत्र्याला चांगली रुंद, कोपरे गोल केलेली जाड पट्टी, आणि त्या पट्टीला कान. वरून सगळ्या कानांच्या माथ्याला जोडत टाकीभोवती एक लोखंडी कडं फिरवलेलं. आणि नट? बुवांनी दोन बोटांनी धरला तर जरासा फिरला. नुसता टेकवलेला.

बुवांच्या तोंडून आपोआप गेलं, "गजरा."

मृदंगाची पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं बघा. वादी, म्हणजे पुडी ताणणारी चामड्याची पट्टी, ती थेट कातड्यात कधी ओवत नाहीत. ओवली तर पहिल्याच थापेला भोक फाटत जाईल. आधी कडेनं वेणीसारखा गजरा विणतात आणि वादी गजऱ्यात ओवतात. एका वादीची ओढ गजरा सगळ्या कडेला वाटून देतो. वाटून घेतली की ओढ पेलते, एकट्यावर आली की फाडते. वीस वर्षं बुवा हे हातानं करत होते.

उमरीच्या टाकीला गजरा होता. तांबरवाडीच्या टाकीला नव्हता.

परतीच्या वाटेवर नांदेडला दोन्ही टाक्यांच्या ठेकेदाराचा ओव्हरसियर बसवंत भेटला. आधी अंगावर आला. "तुम्ही कोण विचारणारे? भजनं वाजवा की." बुवांनी तांबरवाडीच्या टाकीवरून सोबत आणलेला फाटक्या पत्र्याचा तुकडा टेबलावर ठेवला. त्यावर हणमंतरावच्या पटक्याचा एक लाल धागा अडकलेला होता. बसवंतचा आवाज बसला.

"नवा जिल्हा, नवं काम. उद्घाटनाची तारीख ठरून गेली होती," तो म्हणाला. "पट्ट्या कापून तयार व्हायला आठ दिवस लागले असते. साहेबराव लई ओरडला, पट्ट्या लावल्याबगर बांधू नका म्हणून. मी म्हणलं, नंतर लावू." त्यानं मान खाली घातली. "नंतर राहून गेलं. पण बुवा, देवाशपथ सांगतो, नट आवळायला मी कुणाला सांगितलं नाही. पट्टी नसली तरी नट टेकवलेला असता तर टाकी एवढ्यात फाटली नसती. माझा गुन्हा अर्धा आहे. उरलेला अर्धा कुणाचा ते मला माहीत नाही."

५

बुवा तांबरवाडीला उतरले ते थेट टाकीवर गेले. उन्हं कलली होती. उरलेल्या पाच कानांवर हळदीकुंकू होतं. ते त्यांनी पहिल्या दिवशीही बघितलं होतं, पण त्यात बघण्यासारखं काही वाटलं नव्हतं. पाण्याला कोण हळदीकुंकू वाहत नाही?

आता ते नटाजवळ डोळा नेऊन बसले. नटाला सहा पैलू असतात. कानावर कुंकवाचा जाड थर होता, एकाच जागी, एकावर एक. पण नटावर एकाच पैलूला कुंकू नव्हतं. सहाही पैलूंना होतं. बाहेरच्या पैलूवर ताजं, त्याच्या शेजारच्यावर जरा फिकं, त्याच्या पुढच्यावर आणखी फिकं. आणि प्रत्येक पैलूवर एकाखाली एक असे दोन थर.

बुवांनी उगाच घाई केली नाही. कीर्तनात निरूपण चालतं तसं मनातल्या मनात एकेक पायरी उतरले. बोट लावणारा माणूस एकाच जागी, बाहेरच्या बाजूला बसतो, म्हणून कानावरचं कुंकू एका जागी. मग नटावरचं फिरलं कसं? नटच फिरला म्हणून. दर खेपेला एक पैलू. आधी आवळायचं, मग कुंकू लावायचं. सहा पैलू, दोन फेरे. दोन फेरे म्हणजे दोन आटे, आणि दोनच आटे बोल्टावर उघडे होते. बारा खेपा.

टाकी उभी राहिली दिवाळीत. कार्तिकातल्या शुद्ध एकादशीपासून चैत्रातल्या वद्य एकादशीपर्यंत मोजा. बारा एकादश्या.

साहेबरावच्या घरी देव्हारा नव्हता, एकादशी नव्हती. बसवंत नांदेडला. सटवाजी तर एकादशीला हॉटेलात भजी खायचा आणि वर हसायचा. गावात एकादशी न चुकता धरणारी, टाकीजवळ रोज असणारी माणसं किती?

ते उठून हणमंतरावच्या घरी गेले.

केवळाबाई, हणमंतरावची बायको, ओट्यावर बसल्या होत्या. कपाळ उघडं.

"वयनी," बुवा म्हणाले, "हणमंतराव एकादशीला टाकीवर काय करायचे?"

केवळाबाई आत गेल्या. देवाच्या कोनाड्यातून फडक्यात गुंडाळलेला एक लांब पाना आणि त्यावर चढवायची हातभर नळी घेऊन आल्या. नळीच्या मुठीला हळद माखलेली होती.

"त्यांची सेवा होती," त्या म्हणाल्या. "आंघोळ करून, उपाशीपोटी. चार वाड्यांचं पाणी माझ्या पदरात हाय म्हणायचे. वारा सुटला की टाकी हालायची, त्यांच्या जिवाचं पाणी व्हायचं. म्हणून दर एकादशीला एकेक पीळ द्यायचे." आणि मग साध्या आवाजात, जसं काही त्यात कसली चूक नव्हती, त्या म्हणाल्या, "तुमीच तर सांगितलं होतं त्यांना, भाऊजी."

६

तेराव्याच्या दुपारी मांडवात कीर्तन होतं. चार वाड्यांची माणसं आली होती, खालच्या अंगाची सुद्धा. जमादार साहेबरावला घेऊन आला होता, तशी विनंती बुवांनीच केली होती. बसवंत मागं उभा होता. कीर्तनकार महाराजांचा पूर्वरंग संपला. नाम झालं. उत्तररंगाच्या आधी नरसिंगबुवांनी मृदंगावरचा हात काढला आणि हात जोडले.

"महाराज, आज्ञा द्या. आजचं आख्यान माझ्याकडं हाय."

महाराजांनी चिपळ्या खाली ठेवल्या.

बुवांनी एकेक मांडलं. फाटलेला पत्रा आणि शाबूत टाका दाखवला. उमरीच्या टाकीचा गजरा सांगितला. बसवंतला त्यांनी बोलावलं नाही, तो स्वतःच पुढं आला आणि त्यानं पट्ट्यांचं कबूल केलं. मग उघडे दोन आटे. मग कुंकू.

"रिकाम्या टाकीला वारा उचलायचा, ती ओढ कानावर. भरली की पोट फुगायचं, ती ओढ कानावर. वर नट आवळलेला, म्हंजी हालायला जागा न्हाई. दिवसातनं दोनदा पाणी चढायचं, दोनदा उतरायचं. सुतळी एकाच जागी मागं-पुढं मोडत गेली तर काय होतं? तशी कानावर बारीक चीर पडली. साहेबरावनं ती बघितली. त्यानं सांगितलेलं 'ढिले कर' हे टाकी वाचवायला होतं, आन् 'जीव घेईल' ही धमकी न्हवती, सावध करणं होतं. पण रांगेत त्याच्या माणसांच्या घागरी आपुन मागं सारल्या होत्या, म्हणून त्याचं खरं बोलणं आपल्याला रागाचं वाटलं."

जमादारानं विचारलं, "मग नट आवळले कुणी?"

बुवांनी केवळाबाईकडं बघितलं. त्यांनी पदर सावरला आणि मान हलवली, सांगा म्हणून.

"माझ्या हणमंतरावनं," बुवा म्हणाले. "आन् त्याला शिकवलं मी. गेल्या दिवाळीत त्यो म्हणला, बुवा, वाऱ्यानं टाकी कापती. मी वाद्या ताणून मृदंग चढवत बसलो होतो. लक्ष न्हवतं माझं. म्हणलो, 'ढिल्या वादीतनं नाद निघत न्हाई, दर एकादशीला एक पीळ देत जा.' चेष्टेत म्हणलो. त्यानं गुरूचा शब्द म्हणून धरला. उन्हाळ्यात कातडं आपोआप ताणतं, तवा वाद्या सैल करून मृदंग उतरवावा लागतो, हे प्रत्येक मृदंग्याला ठावं असतं. मी त्याला चढवणं सांगितलं. उतरवणं सांगायचं राहिलं."

मागं कुणीतरी हुंदका दिला. सटवाजी होता.

जमादारानं साहेबरावच्या हाताला बांधलेली दोरी सोडली.

तेव्हा केवळाबाई उठल्या. कोनाड्यातला पाना त्यांनी मांडवात आणला होता. त्या खालच्या अंगाला बसलेल्या माणसांपर्यंत चालत गेल्या आणि पाना साहेबरावच्या हातात दिला.

"त्यांनी तुमाला हात लावू दिला न्हाई," त्या म्हणाल्या. "मी देऊन राहिले. उरलेले सोडवा."

सगळा मांडव टाकीकडं चालला. पाच नट राहिले होते. केवळाबाईंनी पदराच्या टोकानं पहिल्या नटावरचं कुंकू पुसलं. साहेबरावनं पाना लावला, नळी चढवली, जोर केला. नट हलेना. बारा एकादश्यांची श्रद्धा होती त्यात, एका माणसानं कशी सुटेल?

"मिस्त्री," साहेबराव म्हणाला, "हात लावा."

बुवांनी हात लावला. पंचशीला आली. मग सटवाजी, मग बसवंत. नट कुरकुरला, सुटला, आणि टाकीच्या पत्र्यातून एक खोल आवाज निघाला, लांबवर गेला आणि विरला. बुवांच्या कानानं तो ओळखला. फार चढलेला मृदंग उतरवला की असाच सुस्कारा टाकतो.

"मी परत एकदा सांगायला पायजे होतं," साहेबराव म्हणाला. "एकदाच सांगून घरी गेलो."

"मीबी," बुवा म्हणाले.

पुढच्या एकादशीला भजनात हणमंतरावची जागा रिकामी होती. टाळ तिथंच ठेवलेले होते. नरसिंगबुवांनी मृदंग पुढ्यात घेतला, आणि थाप मारण्याआधी, सगळे वाट बघत असताना, एकेक करून आधी सगळ्या वाद्या सैल केल्या.